समोरच्याला काय ऐकू येतं? ऑफिससाठी हेडसेट घेण्याआधी

हेडसेट घ्यायला दुकानात गेलं की दुकानदार तो आपल्या कानाला लावतो, मोबाइलवर एखादं गाणं वाजवतो आणि विचारतो, "कसा आहे आवाज?" आवाज छानच असतो. आपण पैसे देतो आणि हेडसेट घेऊन येतो. पण ऑफिसात हेडसेट काही गाणी ऐकायला घेत नाहीत. आपलं बोलणं पलीकडच्या माणसाला नीट पोचावं म्हणून घेतात. आणि ते पोचतंय की नाही हे हेडसेट ज्याच्या डोक्यावर असतो त्याला कळतच नाही, ते फक्त पलीकडच्याला कळतं.

मला हे देवगडात कळलं. आमचं आंब्याचं ऑफिस म्हणजे पॅकिंग शेडला लागून काढलेली एक खोली, वर पत्रे. पाडव्यापासून फोन वाजायला लागतात आणि अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात तर पाणी प्यायला उठता येत नाही. फोनवर आम्ही तिघी. एका हाताने वहीत नाव, पत्ता, किती डझन ते लिहायचं आणि रिसीव्हर खांदा नि कानाच्या मध्ये दाबून धरायचा, असं दोन हंगाम केलं. तिसऱ्या वर्षी मान उजवीकडे वळेना, तेव्हा भाऊकाकांनी तिघींसाठी हेडसेट आणले. मोठे, दोन्ही कान झाकणारे, खोक्यावर ठळक अक्षरांत 'नॉइज कॅन्सलिंग' छापलेले. कानाला लावले की शेडमधला पंखा गायब व्हायचा. आम्ही खूश.

मेच्या शेवटी वळवाची सर आली. पत्र्यावर ताडताड सुरू झालं. त्यातच मुंबईच्या एका नेहमीच्या काकूंचा फोन. मी आपली भाव सांगत होते, पेटी कधी निघेल ते सांगत होते, आणि त्या मध्येच म्हणाल्या, "गो, माका नुसतो पावसाचोच आवाज येता. तू काय बोलतंस ता कायच कळना नाय." मला मात्र पाऊस लांब कुठेतरी डोंगरापलीकडे पडत असल्यासारखा वाटत होता. हेडसेटने पाऊस माझ्या कानापुरता कमी केला होता. काकूंकडे तो सगळाच्या सगळा जात होता.

'नॉइज कॅन्सलिंग' या एकाच नावाखाली दोन वेगळी कामं विकली जातात, ती इथे वेगळी करून घेऊ.

पहिलं काम तुमच्या कानासाठीचं. कानावरच्या वाटीत बारीक माईक असतात. ते बाहेरचा गोंगाट टिपतात, आतली चिप त्या लाटेच्या नेमकी उलटी लाट तयार करते, आणि दोन्ही लाटा कानापाशी एकमेकींना मारतात. एकसारखा, जाड, घुमणारा आवाज यात चांगला मरतो, जसा पंख्याचा, जनरेटरचा किंवा एसटीच्या इंजिनाचा. अचानक येणारा, चिरका आवाज मरत नाही, कारण उलटी लाट तयार होईपर्यंत तो येऊन गेलेला असतो. पेटी बंद करताना चिकटपट्टी ओढली की जो चर्रर्र आवाज होतो, तो आमच्या त्या महागड्या हेडसेटमधूनही थेट कानात यायचा.

दुसरं काम माईकचं, म्हणजे पलीकडच्या माणसासाठीचं. तुम्हाला दिवसभर फोनवर बोलायचं असेल तर पैसे याच कामासाठी द्या. याची जुनी आणि अजूनही उत्तम चालणारी युक्ती फार सोपी आहे. माईकच्या आतल्या पातळ पडद्याला पुढून आणि मागून, दोन्हीकडून वाट ठेवतात. लांबून आलेला आवाज, म्हणजे पाऊस, पंखा, शेजारणीचं बोलणं, पडद्याच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारख्याच जोराने पोचतो. दोन्हीकडून सारखा रेटा आला की पडदा फारसा हलत नाही. तुमचं तोंड मात्र माईकच्या अगदी जवळ असतं, त्यामुळे तुमचा आवाज पुढून जोरात आणि मागून बराच कमी पोचतो. पडदा हलतो तो तुमच्या बोलण्याने.

यावरून लक्षात येईल की ही युक्ती माईक तोंडाजवळ असेल तरच चालते. म्हणून दांडीवाला हेडसेट घ्या, ज्याची दांडी गालावरून तोंडापर्यंत येते असा. अंतर निम्मं झालं की पोचणाऱ्या आवाजाची ताकद साधारण चौपट होते. माईक तोंडापासून १२ सेंटिमीटरवर असेल आणि तो ३ सेंटिमीटरवर आणला, तर अंतर दोनदा निम्मं झालं, म्हणजे तुमचा आवाज सोळापट. पाऊस मात्र होता तेवढाच राहिला, कारण पत्रा काही जवळ आला नाही. एवढा फरक महागडी चिपसुद्धा सहज पाडत नाही. माईक अगदी ओठांसमोर धरू नका. प, फ, भ म्हणताना तोंडातून हवेचा झोत बाहेर पडतो आणि पलीकडे 'भप्प' असा आवाज जातो. ओठांच्या कोपऱ्याशी, जरासा खाली, दोन बोटं बसतील एवढ्या अंतरावर ठेवा. आणि दांडी कपाळाकडे वळवून बोलत बसायची सवय असेल तर ती आजच सोडा. आमच्याकडे निम्म्या तक्रारी तेवढ्यानेच मिटल्या होत्या.

वायरीच्या मध्ये लोंबणारा माईक असलेले मोबाइलचे इअरफोन ऑफिसात चालतील का, असं पुष्कळजण विचारतात. शांत खोलीत, दिवसाला पाच-सात फोन असतील तर चालतील. पण तो माईक छातीपाशी असतो आणि ओढणीला घासतो. मान वळवली की पलीकडे खसखस ऐकू जाते. कानात बसणाऱ्या बिनतारी बोंडांचा माईक तर कानापाशीच असतो. तो आवाज वेचून काढायचं काम गणितावर सोपवतो. शांत जागी ते गणित छान जमतं. पत्र्यावरच्या पावसात ते पावसाबरोबर शब्दांची शेपटंही कापतं, असा माझा अनुभव आहे, आणि आमच्या धंद्यात 'पाठवा' आणि 'पाठवू नका' यातला फरक शेपटातच असतो.

आता लाइनबद्दल. हेडसेट कितीही भारी असला तरी लाइन जेवढं वाहून नेते त्याच्यापुढे तो काही करू शकत नाही. जुन्या टेलिफोनची आवाजाची पट्टी, म्हणजे किती जाड ते किती बारीक आवाज लाइन नेते ती, ३०० ते ३४०० हर्ट्झ (सेकंदाला एवढी कंपनं) एवढी अरुंद ठेवलेली आहे. माणसाचं बोलणं समजायला ती पुरते, पण स, श, फ या अक्षरांचा सीत्कार बराचसा तिच्या वर असतो आणि तो कापला जातो. यामुळे काय होतं? एका गिऱ्हाइकाने बंगला नंबर सांगितला आठ. मी लिहिला साठ. 'साठ'मधला स लाइनवर एवढा पुसट होतो की नुसतं 'आठ' ऐकू आलं तरी कान त्याला स लावून घेतो, आणि कधी याच्या उलटही होतं. पेटी पुण्यात साठ नंबरच्या बंगल्यात गेली, आठ नंबरवाले चार दिवस वाट पाहत राहिले, आणि पिकायला घातलेला माल कुणासाठी थांबत नाही. तेव्हापासून आम्ही आकडा सुटा करून परत म्हणतो: "शून्य आठ ना? की सहा-शून्य?"

त्यामुळे तुमचे सगळे फोन साध्या लँडलाइनवर येत असतील तर 'एचडी व्हॉइस' किंवा 'वाइडबँड' असं लिहिलेल्या हेडसेटला जास्त पैसे मोजू नका. लाइनच देत नाही ते हेडसेट कुठून आणणार? पण कॉल इंटरनेटवरून, संगणकावरच्या सॉफ्टवेअरमधून किंवा मोबाइलच्या व्होल्टीवरून (म्हणजे फोर-जी नेटवर्कवरच्या कॉलवरून) होत असतील तर गोष्ट वेगळी. तिथे पट्टी साधारण ५० ते ७००० हर्ट्झपर्यंत रुंद होते, स आणि फ ठसठशीत ऐकू येतात, आणि मग वाइडबँडचे पैसे वसूल होतात.

म्हणून दुकानात जाण्याआधी आपला फोन उलटा करून बघा. टेबलावरच्या फोनला रिसीव्हर स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या वायरीने जोडलेला असतो. त्या वायरीच्या टोकाची छोटी पारदर्शक पिन म्हणजे आरजे-नऊ. भिंतीकडे जाणाऱ्या वायरीची पिन जराशी रुंद असते, ती आरजे-अकरा. हेडसेट लागतो तो पहिल्या, अरुंद भोकात. तिथे चार तारा असतात, दोन माईकच्या आणि दोन कानाच्या. फसगत होते ती इथे. पिनचा आकार सगळीकडे एकच असला तरी चार तारांचा क्रम फोन बनवणाऱ्या कंपनीप्रमाणे बदलतो. हेडसेट टक्कन बसतो, समोरच्याचा आवाज येतो, आणि आपलं मात्र त्याला काहीच ऐकू जात नाही. हेडसेट खराब नसतो, तारा अदलाबदल झालेल्या असतात. दुकानदाराला फोनचं मॉडेल सांगून त्यासाठीचीच वायर मागा, किंवा क्रम बदलायचं बटण असलेली जोडवायर घ्या. फोनवर हेडसेटचं वेगळं बटण आहे का तेही पाहा. ते नसेल तर फोन घेताना रिसीव्हर उचलून बाजूला ठेवावाच लागतो, नाहीतर कॉल सुरूच होत नाही.

मोबाइलच्या गोल पिनवर तीन काळी वळी असतील तर तिच्यात माईक आहे, दोनच असतील तर ती फक्त ऐकायची. टाइप-सी भोकाचे मोबाइल जरा त्रास देतात. काहींत त्या भोकातून आवाज थेट बाहेर येतो, काहींत येत नाही. आत छोटी चिप असलेला अ‍ॅडॉप्टर घेतला की सहसा दोन्हीकडे चालतो. संगणकासाठी सरळ यूएसबी हेडसेट घ्या, त्यावर फार विचार करायला नको.

जिथे माणसाला सारखं उठावं लागतं तिथे वायरीत मध्येच सुटणारा जोड असलेला हेडसेट फार सोयीचा. कॉल चालू ठेवून जोड सोडायचा, गोदामात जाऊन किती पेट्या शिल्लक आहेत ते बघून यायचं, परत जोडायचा. फक्त प्लँट्रॉनिक्स आणि जाब्रा या दोन हेडसेट कंपन्यांचे जोड दिसायला भाऊ-भाऊ असले तरी एकमेकांत बसत नाहीत. (प्लँट्रॉनिक्स म्हणजे तीच कंपनी जिच्या हेडसेटमधून १९६९ साली नील आर्मस्ट्राँगचे शब्द चंद्रावरून आले. आता तिचा माल पॉली या नावाने मिळतो, म्हणून दुकानात जुनं नाव दिसलं नाही तर गोंधळू नका.)

बिनतारी घ्यावा का? भाऊकाकांना शेडमध्ये फिरता फिरता बोलायचं असतं, त्यांना घेतला. आम्हा तिघींना घेतला नाही, आणि मला तो निर्णय अजूनही बरोबर वाटतो. ब्लूटूथ साधारण दहा मीटरपर्यंत धरतो, पण जांभ्याच्या जाड भिंतीआड गेलं की त्याआधीच तुटायला लागतो. तो २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, आणि वायफायचीही तीच जागा. आणखी एक गोष्ट बहुतेक दुकानांत सांगत नाहीत. गाणं ऐकताना ब्लूटूथ आपली सगळी ताकद एका दिशेला वापरतो. माईक चालू झाला की त्याला दोन्ही दिशांनी आवाज न्यावा लागतो, आणि मग तो दर्जा खाली आणतो. म्हणजे दुकानात गाण्यावर केलेली परीक्षा कॉलबद्दल काहीच सांगत नाही.

ऑफिससाठी म्हणून बनलेला दुसरा बिनतारी प्रकार म्हणजे डेक्ट. तो वायफायच्या वाटेत येत नाही आणि लांबपर्यंत धरतो. पण त्याची रेडिओ लहरींची पट्टी देशागणिक वेगळी. युरोपात १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ, अमेरिकेत १९२० ते १९३०. आपल्याकडे १९२०च्या वरची ती जागा मोबाइल कंपन्यांची आहे. म्हणून अमेरिकेतल्या भाच्याने प्रेमाने आणून दिलेला डेक्ट हेडसेट इथे लावू नका, तो आजूबाजूच्या मोबाइलच्या सिग्नलमध्ये अडथळा आणेल. भारतात विकायच्या बिनतारी उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मंजुरी लागते, ती असलेलाच घ्या.

शिवाय चार्जिंग. पहिल्या पावसात लाइट गेली की कधी येईल याचा भरवसा नसतो. जुन्या तांब्याच्या तारेवरच्या फोनला वीज टेलिफोन एक्स्चेंजमधून, ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवरून यायची, त्यामुळे गाव अंधारात असलं तरी फोन चालायचा. आता फायबर आलं, फोन मॉडेमच्या पाठीत खोचलेला असतो, लाइट गेली की तोही गेला. म्हणून हेडसेटच्या खर्चात मॉडेमपुरता छोटा यूपीएस किंवा इन्व्हर्टरवरची एक लाइन धरा. वायरीचा हेडसेट त्या फोनवरच चालतो. बिनतारी हेडसेटचा टेबलावरचा तळ मात्र वेगळी वीज मागतो. एका चांगल्या बिनतारीच्या पैशात वायरीचे दोन-तीन सहज येतात, हेही आहेच.

एक कान की दोन? शांत ऑफिसात एक कान बरा. शेजारणीने खुणावलं, बाहेरून कुणी "पेट्या संपल्या गो" म्हणून ओरडलं, तर ऐकू येतं. गोंगाटाच्या जागी एका कानाचा हेडसेट घेतला तर दुसऱ्या कानातल्या गोंगाटावर मात करायला आपण आवाज वाढवत नेतो, आणि हे कानाला वाईट. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो, ९० डेसिबल मात्र फक्त चार तास. हंगामात आम्ही आठवड्याला ४० तासांच्या वरच फोनवर असतो. म्हणून शेडमध्ये बसणारीला दोन कानांचा, आणि व्हॉल्यूम मध्याच्या वर न्यायचा नाही, असं ठरवलेलं आहे. संध्याकाळी घरी गेल्यावर कानात सूं सूं वाजत असेल तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

दोन्ही कान बंद झाले की माणूस नकळत ओरडून बोलायला लागतो, कारण त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. साध्या टेलिफोनमध्ये आपलाच आवाज थोडासा परत आपल्या कानात सोडलेला असतो, त्याला साइडटोन म्हणतात. हेडसेटमध्ये तो आहे का ते विचारा. तीन बायका एका खोलीत ओरडून बोलायला लागल्या तर प्रत्येकीचा माईक बाकीच्या दोघींनाही टिपतो.

आता आपल्या हवेबद्दल, जे खोक्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. कानावरच्या गादीला बहुतेक वेळा नकली चामडं असतं. दमट हवेत त्यातलं प्लॅस्टिक हळूहळू पाण्याशी रासायनिक क्रिया करून फुटत जातं. आमच्या पहिल्या हेडसेटची गादी दुसऱ्या पावसाळ्यानंतर सोलायला लागली. काळे बारीक पापुद्रे कानामागे, केसांत, वहीवर पडायचे. बोटाने चोळलं की आणखी निघायचे. घामाने ते लवकर होतं. म्हणून दोन गोष्टी बघून घ्या: गादी बदलता येते का, आणि तशी सुटी गादी वेगळी विकत मिळते का. मिळत नसेल तर तो हेडसेट कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. कापडाची किंवा स्पंजची गादी एप्रिल-मेच्या उकाड्यात कानाला बरी, धुताही येते, फक्त बाहेरचा आवाज जास्त आत सोडते. प्रत्येकीची गादी वेगळी ठेवा. एकीच्या कानाला झालेली खाज तिघींना व्हायला वेळ लागत नाही.

खाऱ्या वाऱ्याने पिना गंजतात, मग कॉलमध्ये खरखर सुरू होते. सोन्याचा मुलामा असलेली पिन गंजत नाही, ती किमतीत थोडीच महाग असते. हंगाम संपला की आम्ही हेडसेट कोरड्या फडक्याने पुसतो, वायर घट्ट न गुंडाळता सैल वेटोळं करून पत्र्याच्या डब्यात ठेवतो, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकतो आणि झाकणाला पट्टी लावतो. पूर्वी नुसते खुंटीला टांगलेले असायचे. गणपतीपर्यंत माईकच्या स्पंजवर पांढरी बुरशी आलेली असायची.

आणि घेण्याआधीची परीक्षा. दुकानदार ओळखीचा असेल तर एक हेडसेट आधी चाचणीला मागून आणा, तिघींसाठी तीन एकदम घेऊ नका. आम्ही पाडव्याच्या आधी एक दुपार यासाठी ठेवतो. मी हेडसेट लावून शेडच्या टेबलावर बसते. भाऊकाका मुद्दाम शेजारी चिकटपट्टी ओढत दोन-चार पेट्या बंद करतात, पंखा पूर्ण वेगात. काकी घरी, फोनजवळ कागद घेऊन. मी कागदावरून असे वीस आकडे वाचते: साठ, आठ, सात, सदुसष्ट, अडुसष्ट, पासष्ट, पंचावन्न. काकी ऐकू येईल ते लिहितात, पुन्हा विचारायचं नाही. मग मी घरी जाते आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवतो. गेल्या खेपेला वीसपैकी एकोणीस जुळले. चुकला तो आठ होता.